कोतवालाची वही आणि आयुष्याचा उतार

१९२१ च्या जनगणनेचे जाडजूड खंड प्रसिद्ध झाले, पण त्यांत एक कोष्टक नव्हते. १८८१ पासून प्रथा अशी होती की जनगणना आटोपली की तिचे आकडे लंडनमधल्या एखाद्या नाणावलेल्या विमागणितज्ञाकडे जायचे आणि तो हिंदुस्थानातल्या माणसाच्या आयुर्मानाचे कोष्टक तयार करून द्यायचा. १८८१, १८९१ आणि १९०१ ही तिन्ही कोष्टके जॉर्ज फ्रान्सिस हार्डी यांनी केली, १९११ चे टी. जी. ॲकलंड यांनी. १९२१ ला सरकारने ते काम करवूनच घेतले नाही. मधल्या दहा वर्षांत जे मरण देशाने पाहिले, त्याची सरासरी काढून तिला 'नेहमीचे आयुर्मान' म्हणायला कोणताही गणिती धजला नसता.

त्या मरणाचा फार मोठा वाटा नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताने आणि त्याला जोडलेल्या वऱ्हाडाने उचलला. शिवाय या प्रदेशावरची ही पहिली आपत्ती नव्हती. १८९६ पासून १९२१ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत इथे दोन दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएंझा एकामागोमाग आले. त्या पंचवीस वर्षांची ही हकीकत आहे, आणि ती कळायला आधी ते कोष्टक म्हणजे काय हे पाहावे लागते.

कल्पना अशी, की एकाच वेळी जन्मलेली एक लाख मुले नजरेसमोर आणायची. त्यांतली किती एक वर्षाची झाली, किती पाच वर्षांची, किती विशीत पोचली, किती साठीत, असे लिहीत जायचे, शेवटचे माणूस जाईपर्यंत. या उतरत्या आकड्यांनाच आजचे संख्याशास्त्र सर्व्हायव्हल फंक्शन म्हणते. अमुक वयापलीकडे जगण्याची शक्यता किती, हे सांगणारे ते फलन. जन्माच्या क्षणी त्याची किंमत पूर्ण एक असते. पुढे ती फक्त उतरते, परत कधी चढत नाही. कोणत्या वयाला तो उतार तीव्र होतो आणि कुठे तो जवळजवळ सपाट राहतो, यावरून त्या समाजात लहान मुलांचे, बाळंतिणींचे, कष्टकऱ्यांचे आणि म्हाताऱ्यांचे काय होते ते वाचता येते.

युरोपात ही युक्ती जुनी होती. लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या चाळून जॉन ग्राँट यांनी १६६२ साली तिचा पाया घातला. धूमकेतूमुळे जगाला माहीत असलेले एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून पहिले नेटके कोष्टक मांडले. हॅलींच्या कोष्टकात पहिल्या वर्षातल्या एक हजार जिवांपैकी चौतिसाव्या वर्षी निम्मे उरतात. आता हार्डींचे १९०१ चे हिंदुस्थानचे आकडे घ्या. जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान पुरुषांचे २३.६३ वर्षे, स्त्रियांचे २३.९६. त्याच सुमारास इंग्लंडात हे आकडे ४४ आणि ४७ च्या पुढे होते. इकडे मुले दहा वर्षांची होईतो त्यांतली जवळपास निम्मी गेलेली असत. ब्रेस्लाऊत जे चौतिशीपर्यंत घडे, ते दोनशे वर्षांनंतरच्या हिंदुस्थानात दहाव्या वर्षाच्या आसपास घडत होते.

तेवीस हा आकडा आजही चुकीचा वाचला जातो. त्या काळी लोक तेविशीत मरत, असा त्याचा अर्थ नाही. सरासरी खाली ओढली होती ती पाळण्यातल्या मरणांनी. जो विशीपर्यंत तगला, त्याला आणखी अठ्ठावीसएक वर्षे मिळण्याची अपेक्षा होती. जमशेटजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढच्या दशकात तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला. जन्माच्या वेळचे आयुर्मान पंचवीस असलेल्या देशात हे विचित्र वाटेल, पण गिरणीच्या फाटकातून आत येणारा जवान गडी उताराचा सर्वांत कडक भाग आधीच पार करून आलेला असे.

हे आकडे येत कुठून? नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८६६ साली प्रांताने स्वतःची पहिली खानेसुमारी केली आणि त्याच दशकात जन्ममृत्यूंची नोंद सुरू झाली. मध्य प्रांतात हे काम गावच्या कोतवालाकडे होते, वऱ्हाडात पाटलाकडे. कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे. गावात कोण जन्मले, कोण गेले, हे तो ध्यानात ठेवी किंवा कुणाकडून वहीत उतरवून घेई आणि ठरल्या वारी पोलीस ठाण्यावर जाऊन सांगे. ठाण्यातून आकडे जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला जात. मृत्यूचे कारण लिहायला मोजकेच रकाने होते: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. हिवतापाने गेलेला, न्यूमोनियाने गेलेला, क्षयाने झिजलेला, सारे 'ताप' या रकान्यात पडत.

हार्डींना या वह्यांचा दुबळेपणा ठाऊक होता, म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. १८९१ मध्ये जे वीस वर्षांचे होते ते १९०१ मध्ये तीस वर्षांचे असायला हवेत. दोन खानेसुमाऱ्यांत हे गट मोजले की दहा वर्षांत किती तगले ते निघते. पण इथल्या माणसाला स्वतःचे वय नेमके ठाऊक नसे. विचारले की तो वीस, पंचवीस, तीस, चाळीस असे ठोक आकडे सांगे. त्यामुळे खानेसुमारीत चाळीस वर्षांची माणसे उदंड आणि एकेचाळीस वर्षांची विरळ दिसत. हार्डींनी ही ओबडधोबड आकडेवारी गणिताने सारखी करून घेतली. तसे केल्यावाचून कोष्टक उभेच राहिले नसते. मात्र सारखे करण्याच्या त्या कामात स्थानिक दुःखही विरून गेले, असे मला वाटते. १८९१ च्या कोष्टकात पुरुषांचे आयुर्मान २४.५९ होते, १९०१ मध्ये २३.६३. जेमतेम एका वर्षाचा फरक. मध्य प्रांतात त्याच दहा वर्षांत काय झाले होते, त्याची कल्पना या फरकावरून येत नाही.

१८९३ पासून प्रांताच्या उत्तरेकडे, सागर, दमोह, जबलपूर भागात, गव्हाची पिके लागोपाठ बिघडत होती. अवकाळी पाऊस आणि तांबेरा यांनी शेतकरी कर्जात बुडाला. १८९६ चा पाऊस चांगला सुरू झाला आणि ऑगस्टअखेरीस अचानक थांबला. भाताची लोंबी भरायच्या वेळीच आभाळ कोरडे पडले. बालाघाट, भंडारा, छत्तीसगड या भातपट्ट्यात हाती काही लागले नाही. धान्याचे भाव चढले आणि ज्याच्याकडे मजुरीखेरीज काही नव्हते, तो कुटुंब घेऊन रस्त्याला लागला.

ठाण्यांवरच्या वह्या त्याआधीपासूनच वाईट बातमी देत होत्या. १८९६ मध्येच मृत्युदर नेहमीपेक्षा बराच वर गेला होता. तरीही सरकारी मदत उशिरा आणि अपुरी सुरू झाली. खडी फोडण्याची, रस्ते आणि तलाव बांधण्याची दुष्काळी कामे निघाली, निराधारांसाठी आश्रयगृहे उघडली. पण तिथवर पोचणारी माणसे आधीच खंगलेली होती आणि दाटीवाटीच्या छावण्यांत पटकी व हगवण पसरली. १८९७ साली प्रांतातला नोंदलेला मृत्युदर दर हजारी सत्तरच्या जवळ गेला. सर जेम्स लायल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८९८ मध्ये मध्य प्रांताच्या कारभारावर ठपका ठेवला. संकटाची तीव्रता ओळखण्यात प्रशासन कमी पडले, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. आकडे नागपूरच्या कचेऱ्यांत पडून होते. ते वेळेवर वाचले गेले असते तर हजारो जीव वाचले असते, असे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

१८९७ साली सर्वाधिक मृत्यू झाले ते पाऊस परत आल्यावर. हे ऐकायला उलटे वाटते. पण पावसाबरोबर डास आले, हिवताप आला आणि वर्षभराच्या उपासमारीने पोखरलेल्या शरीरांत त्याला तोंड द्यायची ताकद नव्हती. शेतात पीक उभे असताना माणसे मरत होती.

दोन वर्षांची उसंत मिळाली आणि १८९९ ला पावसाने पुरतीच पाठ फिरवली. गुजरात-राजस्थानात हा दुष्काळ छप्पनिया म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. या वेळी कापूस आणि ज्वारीचा मुलूखही सुटला नाही. नागपूर, वर्धा आणि एरवी सुखवस्तू मानला जाणारा वऱ्हाड, सगळीकडे जनावरांच्या वैरणीपासून हलाखी. पण मागचा धडा ताजा होता. मध्य प्रांतात मदत लवकर सुरू झाली, गावोगाव मुलांसाठी आणि अशक्तांसाठी अन्नछत्रे निघाली आणि १९०० च्या पावसाळ्यात वीस लाखांहून अधिक लोक सरकारी मदतीवर होते. तरीही पटकीने आणि हगवणीने बळी घेतलेच.

१ मार्च १९०१ च्या खानेसुमारीचे काम मध्य प्रांतात आर. व्ही. रसेल यांच्याकडे होते, मदतीला हिरालाल. पुढे या दोघांच्या नावावर प्रांतातल्या जातीजमातींचा मोठा ग्रंथ निघाला. त्या खानेसुमारीत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा आठ टक्क्यांहून अधिक घटलेली निघाली. वऱ्हाडात घट पाच टक्क्यांच्या आसपास होती. घटीचा आकार पाहण्यासारखा आहे. सर्वांत मोठे भगदाड लहान मुलांच्या गटात होते. काही मुले दुष्काळात गेली आणि बरीचशी जन्मलीच नाहीत, कारण उपासमारीच्या वर्षानंतर जन्मदर कोसळतो. दुसरी गोष्ट, पुरुष बायांपेक्षा अधिक मेले. वऱ्हाडच्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करणारे टिम डायसन आणि दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रावर पुस्तक लिहिणारे अरूप महारत्न या दोघांनाही हा फरक दिसला. स्त्रियांच्या शरीरात चरबीचा साठा तुलनेने जास्त असतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

दुष्काळाचा उतार असा होता: दोन्ही टोकांना, म्हणजे बालपणी आणि म्हातारपणी, तो खोल तुटला आणि मधला भाग त्या मानाने टिकला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०१ ते १९११ या दशकात या जोडप्रांताची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. जगलेल्या तरुण जोडप्यांनी घरे पुन्हा भरली, हे उघड आहे. मधला भाग टिकल्यामुळेच ते घडू शकले.

याच दशकात नागपूर शहराने एक वेगळाच पेच उभा केला. १९०१ ला शहराची लोकसंख्या १,२७,७३४ होती. १९११ ला मोजली तर १,०१,४१५. सव्वीस हजार माणसे कमी. हार्डींची पद्धत आंधळेपणाने लावली तर नागपूरकरांच्या आयुर्मानाचा भयंकर आकडा निघेल. प्रत्यक्षात मोजणीच्या वेळी शहरात प्लेग होता. उंदीर मरून पडू लागले की लोक घराला कुलूप लावून गावाबाहेर झोपड्या टाकत किंवा नातलगांकडे जात. सव्वीस हजारांतली कित्येक माणसे मेली नव्हती, फक्त मोजणाऱ्याच्या नजरेआड गेली होती.

ही अडचण सर्व्हायव्हल फंक्शनच्या मुळाशीच आहे. दिसेनासा झालेला माणूस मेला असे धरले तर उतार खोटा कडक होतो. त्याला हिशेबातूनच वगळले तरी चित्र बिघडते, कारण तो निदान इतके दिवस जिवंत होता ही माहिती वाया जाते. यावर नेटका उपाय १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी दिला. माणूस जोवर नजरेत होता तोवर त्याला मोजणीत धरायचे, दिसेनासा झाला की बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक मृत्यूच्या वेळी मोजणीत उरलेल्यांच्या प्रमाणात उतार खाली आणायचा. आज कर्करोगाच्या कोणत्याही औषधाची परीक्षा या पायऱ्यापायऱ्यांच्या आलेखावाचून होत नाही. यंत्राचा भाग किती काळ टिकेल, रानातल्या पट्टा लावलेल्या जनावराचे काय होईल, या प्रश्नांनाही हीच रीत चालते.

तरी गणित कितीही चांगले असले, माणसाचा माग काढणारे पाय लागतातच. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली. इस्पितळात परत न आलेल्या रुग्णाच्या गावी, घरी जाऊन तो आहे की गेला हे तिथल्या कार्यकर्त्यांनी विचारले. नागपुरात अशी नोंदणी १९८० मध्येच सुरू झाली होती. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायांवर झालेल्या अभ्यासाने, एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटवते, हे २००९ मध्ये जगाला दाखवून दिले. त्या निष्कर्षामागे वर्षानुवर्षे घरोघर जाऊन ठेवलेली नोंद होती.

आता १९१८ कडे येऊ. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएंझा पहिल्या लाटेत सौम्य होता. सप्टेंबरमध्ये तो फिरून आला आणि रेल्वेने देशभर पसरला. १८६७ मध्येच मुंबईशी जोडलेल्या नागपूरला तो पोचायला वेळ लागणार नव्हता. त्या वर्षी पाऊस अपुरा, युद्धामुळे महागाई, कापड आणि धान्य दोन्ही आवाक्याबाहेर. ऑक्टोबरमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मरणाने कळस गाठला. ज्वारी कापणीला आलेली आणि घरात उठून पाणी द्यायला कुणी नाही, अशी गावांची अवस्था. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालात या प्रांताचा इन्फ्लुएंझाचा मृत्युदर दर हजारी पन्नासच्या वर दिला आहे. देशातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत त्याची गणना होते.

खरा आकडा याहून मोठा असणार. कारण वही घेऊन ठाण्यावर जाणारे गावकामगारही त्याच तापात पडले, काही त्यातच गेले. नोंद करणारी यंत्रणाच आजारी पडल्याने ऐन कहराच्या आठवड्यांत नोंदी सर्वांत तोकड्या झाल्या, हे जनगणना अधिकाऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. १९२१ चे देशाचे जनगणना आयुक्त होते जे. टी. मार्टेन. १९११ ची मध्य प्रांत आणि वऱ्हाडची जनगणना याच गृहस्थांनी केली होती. ज्या गावांची वाढ त्यांनी स्वतः मोजून मांडली होती, त्यांचे काय झाले हे आता त्यांच्याच टेबलावर आले. देशभरातले इन्फ्लुएंझाचे बळी त्या वेळच्या अंदाजाने सव्वा कोटीच्या घरात होते, पुढच्या अभ्यासकांनी हा अंदाज पावणेदोन कोटींपर्यंत नेला आहे.

या मरणाचा आकार दुष्काळाच्या अगदी उलटा होता. सामान्यतः विशी ते चाळिशी हा उताराचा सर्वांत सपाट भाग, माणसाच्या आयुष्यातला सुरक्षित काळ. इन्फ्लुएंझाने नेमका तोच तोडला. आणि या वेळी बाया पुरुषांपेक्षा अधिक गेल्या. आजाऱ्याची उस्तवार त्याच करीत, घरात कोंडलेल्या हवेत त्याच राहत आणि गरोदरपणी हा ताप अधिक घातक ठरे. आया गेल्या, म्हणून १९१९ मध्ये जन्मही घटले. दुष्काळानंतर जे तरुण घर पुन्हा भरू शकले होते, तसे भरणारे हातच या वेळी हिरावले गेले. १९११ ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३९ लाख होती. १९२१ लाही ती १ कोटी ३९ लाखच भरली. दशकाच्या पूर्वार्धातली सारी वाढ एका हंगामाने पुसून टाकली. देशभरातही, आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर, लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक.

१८९५ च्या सुमारास नागपुराकडे जन्मलेल्या मुलांचा विचार करा. दोन वर्षांची असताना त्यांनी पहिला दुष्काळ काढला, पाचव्या वर्षी दुसरा, शाळेच्या वयात प्लेग. या सगळ्यांतून जी तगली ती तेविशीत आली आणि इन्फ्लुएंझाने नेमके तेच वय गाठले. हार्डींच्या किंवा ॲकलंडच्या कोणत्याही कोष्टकात या पिढीचे खरे आयुष्य सापडत नाही. कारण ती कोष्टके एका दशकाचे मृत्युदर घेऊन, तेच जन्मभर राहतील असे धरून रचलेली असतात. पिढीच्या मागे चालत गेल्यावरच तिचा उतार दिसतो. १९२१ चे कोष्टक का रचले नाही, हेही यावरून उमगते. १९१८ धरून रचले तर ते पुढच्या काळाला लागू नाही, १९१८ वगळून रचले तर ते खोटे. तीस वर्षांनी, १९५१ मध्ये, किंग्स्ले डेव्हिस यांनी भारत-पाकिस्तानच्या लोकसंख्येवरच्या पुस्तकात ती रिकामी जागा भरली. १९११ ते १९२१ या दशकासाठी त्यांनी काढलेले आयुर्मान २०.१ वर्षे आहे. हिंदुस्थानच्या मोजलेल्या इतिहासातला हा तळ.

पुढचे अधिकृत कोष्टक १९३१ चे. ते लंडनला गेले नाही. मुंबईच्या ओरिएंटल विमा कंपनीचे ॲक्च्युअरी एल. एस. वैद्यनाथन यांनी ते केले. याला विम्याच्या इतिहासातला एक कडवट संदर्भ आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला एक तर नकार देत, नाही तर इंग्रजापेक्षा जादा हप्ता घेत. समान दराने विमा देण्याची सुरुवात १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने केली, १८७४ मध्ये ओरिएंटल आली. ओरिएंटलकडे हजारो हिंदी विमेदारांची दशकांची नोंद साठली होती. वैद्यनाथन यांनी १९०५ ते १९२५ या काळातली ती नोंद अभ्यासून विमेदारांच्या मृत्युदरांचे कोष्टक केले आणि १९३४ मध्ये लंडनच्या ॲक्च्युअरींच्या संस्थेपुढे मांडले. ओरिएंटलच्या अनुभवावर आधारलेले कोष्टक पुढे आयुर्विमा महामंडळानेही १९७० च्या दशकापर्यंत वापरले. अर्थात विमेदार म्हणजे खाऊनपिऊन सुखी, बहुधा शहरी पुरुष. भंडाऱ्याच्या भातशेतावर राबणारी मजूर बाई त्यात नव्हती.

१९३१ च्या कोष्टकात पुरुषांचे आयुर्मान २६.९१ आणि स्त्रियांचे २६.५६ आले. आकडे चढले, त्याच वेळी स्त्रिया प्रथमच पुरुषांच्या खाली गेल्या. त्याआधीच्या चारही कोष्टकांत त्या थोड्या का होईना, पुढे होत्या. यात पद्धतीतल्या बदलाचा भाग असेल. पण दुष्काळात बाईचे शरीर जास्त तग धरी हे खरे असेल, तर दुष्काळ मागे पडल्यावर बाळंतपण आणि हेळसांड यांचे मरण उघडे पडले, असाही त्याचा अर्थ लागतो. मला तो अधिक पटतो. १९५१ च्या कोष्टकातही पुरुष ३२.४५ आणि स्त्रिया ३१.६६ असाच क्रम आहे.

१९२१ नंतर देशाची लोकसंख्या पुन्हा घटली नाही. उताराचे मधले भाग हळूहळू सपाट होत गेले. सर्वांत शेवटी हलला तो अगदी पहिला, जन्मानंतरच्या महिन्यातला कडा. त्याचेही काम याच मुलखात झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. जुन्या मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्याचाच हा भाग. सरकारी नोंदींत बालमृत्यू कमी दिसत, म्हणून त्यांच्या 'सर्च' संस्थेने आधी स्वतःची जन्ममृत्यूची नोंद उभी केली आणि घरोघरच्या सर्वेक्षणाने ती पडताळली. मग ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले, आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली. १९९३ ते १९९५ मध्ये त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन, श्वास आणि ताप पाहू लागल्या.